पेंग्विनचा अर्धा धडा

खेमराज मास्तरला वाचायची खोड होती, आणि वाचलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवायची त्याहून मोठी. बोरीबांधच्या शाळेत पोरं होती, पण पोरं ऐकतात ती छडीच्या धाकानं. मनापासून ऐकणारं माणूस त्याला एकच होतं, त्याची बायको कुंदा. कुंदा सातवी पास. त्या मुलखात सातवी पास सून म्हणजे चार गावांत सांगायची गोष्ट होती, आणि खेमराज ती न चुकता सांगत असे.

सत्तावन्न सालच्या चैत्रात त्याला एका मासिकात पेंग्विन सापडला. त्या वर्षी देशोदेशीचे शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते आणि छापणाऱ्यांना तिथल्या बर्फाचं वेड लागलं होतं. मासिक काखेत मारून खेमराज संध्याकाळी कुंदाला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, घेऊन गेला. दीड वर्षाची रुख्मा कुंदाच्या कडेवर होती.

तलाव खेमराजच्याच जातीच्या लोकांनी, कोहळ्यांनी, कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेला. भादव्यात पाळीला टेकणारं पाणी चैत्रात सरकत सरकत मधोमध उरायचं. बगळे आणि ढोकऱ्या त्या पाण्याच्या कडेकडेनं चिखल तुडवत आत आत जायच्या.

"पाय," खेमराज तलावाकडे बोट दाखवत म्हणाला, "पानी आत सरकलं, तं पाखरालेही आत जा लागते. तिकडेही असंच आहे. तिकडे हिवाळा आला का समुद्रच गोठते. किनाऱ्यापासून बर्फ वाढत वाढत कोसच्या कोस आत जाते. मासे बर्फाच्या खाली अन् पेंग्विन बर्फाच्या वर. मंग त्यानं खावं काय? बर्फ जिथं सरते, तिथं उघडं पानी. तिथवर पायी जा लागते. उन्हाळ्यात बर्फ तुटते, पानी जवळ येते, वाट कमी होते."

"अन् अंडे कुठं देते जी? बर्फावर?"

"तेच तं सांगून राहिलो. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर मादी एकच अंडं देते. नराच्या पायावर ठेवते अन् निघते समुद्राकडे, पोट भरायले. नर ते अंडं पायावर घेऊन दोन महिने उभा रायते. ना दाना, ना मासा. वारं सुटलं का सारे नर एकमेकाले चिकटून उभे. मादी पोटात मासे साठवून येते, तवा पिल्लू बाहेर आलेलं असते. ते त्याले भरवते, अन् मंग नर जाते."

कुंदाला हसू आवरेना. "म्हंजे बाप उपाशी रायते? हे मले एकदा पायाचं आहे बाप्पा!"

"दिसन," खेमराज म्हणाला, आणि खिशातून एक छापील अर्ज काढला.

भंडाऱ्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज होता. जूनपासून एप्रिलपर्यंत, राहायला वसतिगृह, आणि पास झालं की शाळा. कुंदाचा जीव हरखला आणि लगेच बसला. रुख्मा अजून अंगावर पीत होती. कुंदा म्हणाली, पुढच्या वर्षी पाहू. खेमराजनं मुलीला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं, तिचे दोन्ही पाय आपल्या पायांवर ठेवले आणि म्हणाला, "तू जा. मी उभा आहो ना."

त्या एका वाक्यावर कुंदा गेली. बायका याहून कमी भरवशावर घरदार सोडतात, पण कुंदाला ते वाक्य फार मोठं वाटलं. तिला कोणी कधी "तू जा, मी आहे" म्हटलं नव्हतं.

घरात तशी माणसं होती. एकाच अंगणाला दोन दारं. एक खेमराजचं, दुसरं त्याचा थोरला भाऊ यादोराव आणि वहिनी शामकला यांचं. त्या दोघांच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. यादोराव गावचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं, ते त्यानं ठरवायचं. तलावाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या दगडी वाटेला तुडूम म्हणतात. तिला एकाखाली एक भोकं आणि भोकांना लाकडी बुचं. अश्विनात पाऊस आखडला की पाणकर वरचं पहिलं बूच काढायचा. त्या आधी नवराबायकोनं पाळीवर पूजेला बसायचं, आणि बसताना मांडीवर घरचं लेकरू हवं, अशी बोरीबांधची रीत. रिकाम्या मांडीनं पाणी सोडलं तर धान पोचट राहतं, असं म्हातारे म्हणत. यादोराव दर वर्षी कोणाचं तरी लेकरू मांडीवर घ्यायचा. गेल्या वर्षी कुंदानंच रुख्माला शामकलाच्या मांडीवर दिलं होतं आणि पूजा आटोपल्यावर परत घेतलं होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये छोट्या लाईनच्या गाडीनं ती गोंदियाला आणि तिथून भंडाऱ्याला गेली. पहिले पंधरा दिवस छाती दुधानं दुखायची. रात्री ती पदर तोंडात कोंबून रडायची, दिवसा गणिताची पद्धती शिकायची. खेमराजचं पत्र दर महिन्याला यायचं, शाईचा एक डाग नसलेलं. "रुख्मा सुखरूप आहे. दूधभात पोटभर खाते. अंगणभर धावते. वहिनींचा तिला फार लळा आहे. तू चिंता करू नये." कुंदा ते पत्र उशाखाली ठेवी आणि मैत्रिणींना मासिकातला पेंग्विन सांगे. वसतिगृहात तिचं नावच पेंग्विनबाई पडलं. तिला त्याचा अभिमान वाटायचा, लाज नाही.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. "गावात गोवर आहे. प्रवासात तुला बाधेल आणि तू परत तिथे नेशील. या खेपेस येऊ नये हे बरे." कुंदानं बांधलेलं गाठोडं सोडलं. वसतिगृहात तिच्यासारख्या आणखी दोघी उरल्या होत्या. तिघींनी मिळून चुलीवर करंज्या तळल्या आणि तिघींनाही त्या गोड लागल्या नाहीत.

पौषात खेमराज स्वतः भेटायला आला. एकटाच.

"रुख्माले काऊन नाई आनलं?"

"थंडी केवढी! तिले पडसं झालं. गाडीत आजारी पडली असती मंग?" त्यानं पोह्याचा चिवडा आणला होता, तो स्वतःच निम्मा खाल्ला आणि मुलीबद्दल भरभरून बोलला. ती बोलायला लागली, ती कोंबड्यांच्या मागं धावते, ती झोपताना केस ओढते. कोणाचे केस ओढते, ते कुंदानं विचारलं नाही. बापाचे केस आखूड असतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माणूस ऐकायला भुकेला असला की विचारायचं विसरतो.

माघात नमुना पाठ द्यायचा होता. वर्गावर खरी पोरं बसवायची आणि मागं शिकवणाऱ्या बाई गुण द्यायला. कुंदानं पेंग्विन निवडला. शकुंतलाबाई सृष्टिज्ञान शिकवायच्या. त्यांनी टिपण वाचलं आणि म्हणाल्या, "पाठ चांगला आहे, पण अर्धा आहे. पुढचं कुठं आहे?" त्यांनी आपल्या कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं.

कुंदानं ते दोन दिवसांत वाचलं. एखाद्या वर्षी बर्फ फारच लांबवर पसरतं, मादीची वाट वाढते आणि तिला परतायला उशीर होतो. नर उपाशी उभा राहून अर्धा होतो. एका मर्यादेपुढे तो अंडं असो की पिल्लू, तिथंच टाकून समुद्राकडे निघून जातो. जी मादी वेळेवर येते ती हाक मारते, आणि हजारांच्या गर्दीत नर ती हाक ओळखतो. पिल्लूही आईबापाचा आवाज शिकतं, पण तो कानावर पडत राहिला तरच. मग एक परिच्छेद होता, तो कुंदानं तीनदा वाचला. ज्यांची पिल्लं मेलेली असतात, असे मोठे पेंग्विन वसाहतीत पुष्कळ असतात. एखादं पिल्लू उघडं सापडलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. प्रत्येकाला ते आपल्या पोटाखाली हवं असतं. त्या ओढाताणीत पिल्लू पुष्कळदा मरतं.

पाठात तिनं हे सगळं घेतलं. पोरांचे डोळे बांधून आवाजावरून आपापला जोडीदार शोधायचा खेळ घेतला. शकुंतलाबाईंनी सर्वांत जास्त गुण दिले. त्या रात्री कुंदानं खेमराजला लिहिलं, "तुमच्या मासिकात पुढचे नव्हते काय?" उत्तरात रुख्माला नवीन झबलं शिवल्याचं होतं. पेंग्विनचं काही नव्हतं.

एप्रिलात ती पास होऊन परतली. खेमराज स्टेशनावर बैलगाडी घेऊन आला होता आणि वाटभर बोलत होता. नवा इन्स्पेक्टर, शाळेची कौलं, कुंदाला हीच शाळा मिळावी म्हणून केलेली खटपट. कुंदाचं लक्ष नव्हतं. तिच्या हातात रंगीत लाकडी गाडा होता आणि गाव येईपर्यंत ती त्याची चाकं फिरवत होती.

अंगणात रुख्मा दिसली. शामकलाच्या दारात पाटावर बसून मुरमुरे खात होती. केवढी झाली होती! कुंदानं तिथूनच हाक मारली, तीच, लांबवलेली, न्हाऊ घालताना मारायची ती. "रुख्मा वोऽ!"

मुलीनं मान वर केली, परकं माणूस पाहिलं आणि उठून आत पळाली. "माय! माय वो! कोन आली पाय!"

शामकला बाहेर आली. मुलगी तिच्या लुगड्यात शिरली. कुंदाला आधी वाटलं, लेकरू आहे, वर्षभरात विसरलं, "मोठमाय" म्हणता म्हणता "माय" म्हणालं. रीतीनं शामकला तिची मोठमाय, थोरली काकू. ती हसत पुढं झाली. मग तिला शामकलाच्या कपाळावर घाम दिसला आणि खेमराज गाडीपाशीच बैल सोडत रेंगाळलेला दिसला. बैल सोडायला कोणाला इतका वेळ लागत नाही.

"काय झालं?" कुंदानं विचारलं.

यादोराव खाटेवरून उठला. कुंदा भासऱ्यांशी, म्हणजे मोठ्या दिराशी, कधी तोंड वर करून बोलली नव्हती. आज तिनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं ते खाली मान घालून सांगितलं. चुलतभाऊ सेवकरामला चार मुलगे. गेल्या अश्विनात त्यानं पाळीवर सगळ्या गावासमोर अडवलं: दर साली उसनं लेकरू मांडीवर घेऊन पाणी सोडायचं, हे किती दिवस? ज्याच्या घरी लेकरू, त्याच्या घरी तुडूम. गाव त्याच्या बाजूला झुकायला लागलं. तेव्हा खेमराज उठला. त्यानं नारळ फोडला आणि रुख्माला शामकलाच्या ओटीत घातलं, पूजेपुरतं नाही. "आजपासून ही दादाची लेक," असं सगळ्या गावानं ऐकलं.

"अन् मी?" कुंदा म्हणाली. "मले कोनी विचारलं?"

"तुमी कबूल आहा म्हनून पत्र आलं होतं ना?" शामकला गोंधळली. "मास्तरनं वाचून दाखोलं. तुमी लिवलं, बाईले लेकरू नाई, मले आनखी होतीन…"

कुंदानं असलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. शामकलाला वाचता येत नव्हतं, आणि जो वाचून दाखवणारा होता तो बैलांना पाणी दाखवत होता.

तेव्हा कुंदाचा ताबा सुटला. ती धावली आणि मुलीचा दंड धरला. शामकलानं दुसरा धरला. सोळा वर्षं रिकामी राहिलेली बाई, ती कशाला सोडते? मुलगी मधे ताणली गेली आणि किंचाळली, कोंबडीची मान धरल्यावर निघतो तसा आवाज. कुंदाला पुस्तकातला तो परिच्छेद आठवला. शब्द न् शब्द आठवला. तिनं हात सोडला. आधी तिनं सोडला, आणि हे तिला पुढं जन्मभर सलणार होतं. पण पर्याय काय होता ते तिनं वाचलेलं होतं.

ती आपल्या दारात गेली नाही. अंगणातच, शामकलाच्या ओट्याखाली बसली. संध्याकाळी खेमराज तांब्याभर पाणी घेऊन आला. कुंदानं ट्रंक उघडून त्याची दहा पत्रं काढली आणि त्याच्यासमोर एकेक उलगडली. सुखरूप आहे. खरं होतं. दूधभात खाते. खरं. वहिनींचा लळा आहे. त्याहून खरं काय असणार? गोवरही खरा होता. पलीकडच्या टोल्यावर, वेगळ्या वस्तीत, दोन पोरांना आला होता. तिला पाठवलेल्या दहा पत्रांत एक वाक्य खोटं नव्हतं. तिला वाटलं, यानं खोटं लिहिलं असतं तर एवढं लागलं नसतं. खोटं बोलणाऱ्याला निदान थोडी लाज तरी असते.

"मासिकात पुढचं होतं?" तिनं विचारलं.

"कोनतं?"

"लेकरं मेलेले पेंग्विन दुसऱ्याचं पिल्लू ओढतेत, ते. नर सोडून जाते, ते."

खेमराजनं तांब्या खाली ठेवला. "होतं."

"मले वाचून काऊन नाई दाखोलं?"

"तू गेली नसती."

कुंदानं मनात महिने मोजले. सेवकरामनं अडवलं अश्विनात. मासिक वाचलं चैत्रात. चैत्रात तिला न सांगायचं असं याच्यापाशी काय होतं?

"अजी," ती हळू म्हणाली, "भासऱ्यायनं लेकरू तुमाले कधी मांगतलं?"

"काय करतेस आता ते काढून…"

"कधी मांगतलं?"

"होळीले," खेमराज म्हणाला. "सेवकराम तवाच कुरकुरत होता. दादा म्हने, दूध तुटल्याबिगर लेकरू लागत नाई. तू घरी असती तं तुटलं नसतं. मी इचार केला, ट्रेनिंगही होईन, तुडूमही घरात राईन, दादावहिनीचंही भलं होईन. साऱ्यायचंच भलं होत होतं, कुंदा. पोरगी काय परक्याच्या घरी गेली? याच अंगनात तं आहे!"

होळी चैत्राच्या आधी येते. कुंदानं मनात पुन्हा एकदा मोजलं, जणू या वर्षीपुरतं ते उलटं निघेल. म्हणजे तो पेंग्विन, ते मासिक, पायांवर पाय ठेवलेली मुलगी, "तू जा, मी उभा आहो," हे सगळं मागणी झाल्यावरचं होतं. तिला शिकायला पाठवलं नव्हतं. तिला घरातून काढलं होतं, आणि तीही हसत हसत, गाठोडं बांधून, स्वतःच्या पायानं निघाली होती. वर्षभर ती ज्या गोष्टीच्या आधारावर जगली, जी तिनं वसतिगृहाला ऐकवली, जिच्यावर तिनं सर्वांत जास्त गुण मिळवले, ती तिला फसवायला सांगितलेली होती. तिला रडू आलं नाही. तिला इतकी शरम वाटली की जणू चोरी तिनंच केली होती.

"जा आत," ती म्हणाली. "जेवून घ्या. तुमी उपाशी राहानारे नाई."

दुसऱ्या दिवशी टपालानं तिचा हुकूम आला: बोरीबांधचीच शाळा, जूनपासून. खेमराज कागद नाचवत अंगणात आला. झालं गेलं विसर, दोघं एकाच शाळेत, गावात असं जोडपं कुठं आहे, असं तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आता सगळं नीट होईल. कुंदानं हुकूम घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि सांगितलं, "शाळेत मी तुमाले मास्तर म्हनीन. शाळेमागची खोली रिकामी आहे, मी तिथं राईन. तुमच्या दारातून आत येत नाई."

गावानं दोन दिवस येऊन जाऊन पाहिलं. म्हाताऱ्यांनी सांगितलं, ओटीत घातलेलं परत मागता येत नाही, पाण्याचा प्रश्न आहे. बायकांपैकी कोणी भाकर आणून ठेवली, कोणी वरण. शामकला दाराआड उभी राहून रडायची आणि मुलीचा दंड मात्र सोडायची नाही. कुंदाला तिचा राग यायचा आणि तो पुरता यायचाही नाही. फसवायचं तर तिलाही फसवलं होतं. फक्त तिच्या वाट्याला लेकरू आलं होतं. कुंदा मुलीला हाक मारत नव्हती. ती नुसती बोलत राहायची, कधी बायकांशी, कधी कोंबड्यांशी, कधी स्वतःशी, पण मोठ्यानं, आत ऐकू जाईल एवढं. आवाज कानावर पडत राहायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शामकलाला डुलकी लागली. रुख्मा ओट्याच्या कडेला आली. खाली उतरली. दोन हातांवर थांबली आणि बोट तोंडात घालून कुंदाकडे पाहत राहिली. कुंदानं हात पुढं केला नाही. तिचे हात मांडीखाली दाबून धरलेले होते.

"तू कोनाची माय?" रुख्मानं विचारलं.

वर्षभर भंडाऱ्याला तिला शिकवलं होतं की मुलाच्या कुठल्याही प्रश्नाला खरं आणि समजेल असं उत्तर द्यावं.

"अजून कोनाचीच नाई," कुंदा म्हणाली, आणि थोडी सरकून तिनं सावलीत तिच्यापुरती जागा केली.